खोलीचे तापमान, पण कोणाच्या खोलीचे?

पदार्थ तापवला की पातळ होतो आणि निवला की घट्ट होतो, असे आपण वर्गात शिकवत आलो आहोत. मेण, तूप, लाख, डांबर अशी उदाहरणेही देतो. मग एखादी मुलगी विचारते, "आणि खरवसाचे काय?" गाय व्याल्यानंतरचा चीक पातळ असतो, वाफेवर ठेवला की त्याच्या वड्या पडतात. अंड्याचेही तसेच. आपण सांगतो की तिथे प्रथिनांमध्ये कायमचा बदल होतो, खरवस थंड केला तरी त्याचा पुन्हा चीक होत नाही. उत्तर बरोबर आहे, पण त्याने प्रश्न मिटत नाही. कारण तापवल्यावर घट्ट होणारे आणि निवल्यावर पुन्हा पहिल्यासारखे पातळ होणारे पदार्थही आहेत. हा खेळ त्यांच्याबाबतीत कितीही वेळा करता येतो. त्यांतला एक तर आपल्या वऱ्हाडात पिकणाऱ्या कापसापासून बनवता येतो.

अशा पदार्थांना 'तापमान-संवेदी बहुवारिके' म्हणतात. आज त्यांच्यापासून डोळ्यात घालायची औषधे बनतात, पेशींचे पापुद्रे वाढवले जातात. या लेखात आपण त्यांचा इतिहास पाहू. या इतिहासात एक शब्द पुन्हा पुन्हा अडचण करतो. तो म्हणजे 'खोलीचे तापमान'. पुस्तकात ते २५ अंश सेल्सिअस असते. अमरावती-अकोल्याच्या उन्हाळ्यात ते किती असते, हे आपल्याला सांगायला नको.

जेल हा शब्द कुठून आला?

१८६१ साली स्कॉटिश रसायनशास्त्रज्ञ थॉमस ग्रॅहम यांनी एक साधा प्रयोग मांडला. निरनिराळ्या पदार्थांची द्रावणे त्यांनी चामड्यासारख्या पातळ कागदाच्या पडद्याआड ठेवली आणि कोणता पदार्थ पडद्यातून पलीकडच्या पाण्यात उतरतो ते पाहिले. मीठ, साखर भराभर पलीकडे जात. डिंक, सरस, जिलेटिन मात्र अलीकडेच राहत. या दुसऱ्या गटाला त्यांनी सरसाच्या ग्रीक नावावरून 'कोलॉइड' म्हटले. मराठीत आपण त्यांना कलिल म्हणतो. हेच पदार्थ कधी पातळ द्रवासारखे वाहतात, तर कधी थरथरणाऱ्या घट्ट गोळ्यासारखे होतात, हेही त्यांच्या लक्षात आले. १८६४ मध्ये त्यांनी पातळ अवस्थेला 'सॉल' आणि घट्ट अवस्थेला 'जेल' अशी नावे दिली.

जेल म्हणजे घन पदार्थ नव्हे. जिलेटिनच्या चांगल्या जेलमध्ये शंभरातले पंचाण्णव भाग पाणीच असते. तरी तो ओतता येत नाही, कारण उरलेल्या पाच भागांनी सगळ्या भांड्यात एक जाळे विणलेले असते आणि पाणी त्या जाळ्यात अडकून राहते. जाळ्याच्या गाठी सुटल्या की जेलचा सॉल होतो, गाठी पडल्या की सॉलचा जेल. या लेखातली सारी कथा त्या गाठींची आहे: त्या कशाने पडतात आणि कशाने सुटतात?

ग्रॅहम यांना हे जाळे दिसण्याची सोय नव्हती. कलिल पदार्थांचे कण मोठे असतात एवढेच ते सांगू शकले.

उन्हाळ्यात वितळलेले जिलेटिन

जिलेटिनच्या गाठी थंडीत पडतात आणि उष्णतेने सुटतात. म्हणजे ते आपल्या नेहमीच्या नियमाने वागते. पायाचा रस्सा हिवाळ्याच्या सकाळी थिजतो आणि चुलीवर ठेवला की पातळ होतो, तो याच जिलेटिनमुळे. ते हाडे आणि कातडी उकळून निघते आणि साधारण ३० ते ३५ अंशांच्या दरम्यान वितळते.

ही गोष्ट स्वयंपाकघरापुरती राहिली असती तर कोणाची अडचण झाली नसती. पण १८८० च्या सुमारास बर्लिनमध्ये रॉबर्ट कॉख आणि त्यांचे सहकारी जिवाणू वाढवण्यासाठी जिलेटिनचा जेल वापरू लागले. पातळ रश्श्यात सगळे जिवाणू एकमेकांत मिसळतात. जेलच्या पृष्ठभागावर मात्र एका जिवाणूपासून वाढलेली वसाहत त्याच जागी राहते, म्हणून एक जात दुसरीपासून वेगळी करता येते. कल्पना उत्तम होती, पण माणसाला आजारी पाडणारे जिवाणू ३७ अंशांना चांगले वाढतात आणि त्या तापमानाला जिलेटिन पातळ होते. शिवाय काही जिवाणू ते खाऊन टाकतात.

कॉख यांच्याकडे काम करायला आलेले वॉल्थर हेस हे डॉक्टर हवेतले जिवाणू मोजत होते. उन्हाळ्यात त्यांच्या नळ्यांमधले जिलेटिन वितळून सगळा प्रयोग वाया जाई. त्यांच्या पत्नी फॅनी अँजेलिना हेस या प्रयोगांत मदत करत आणि जिवाणूंच्या वसाहतींची चित्रेही काढत. पतीने त्यांना विचारले, तुझ्या जेली आणि पुडिंग उन्हाळ्यातही घट्ट कशा राहतात? त्या जेलीत जिलेटिन नव्हतेच, अगार-अगार होते. समुद्री शेवाळापासून काढलेला हा पदार्थ पूर्वेकडच्या देशांत पूर्वापार वापरात आहे. न्यूयॉर्कमध्ये वाढलेल्या फॅनी यांना तो त्यांच्या डच शेजाऱ्यांकडून कळला होता आणि ते शेजारी पूर्वी जावा बेटावर राहिले होते. म्हणजे उष्ण प्रदेशातल्या स्वयंपाकघराचे ज्ञान न्यूयॉर्कमार्गे बर्लिनच्या प्रयोगशाळेत पोहोचले. १८८२ साली कॉख यांनी क्षयाच्या जिवाणूवरील निबंधात अगारचा उल्लेख केला, पण हेस दांपत्याचे नाव घेतले नाही. आज जगातल्या प्रत्येक सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत अगार असते.

अगार म्हणजेच आपल्या किराणा दुकानात मिळणारे चायना ग्रास. त्याच्या गाठींचा एक विशेष आहे. त्या सुटायला सुमारे ८५ अंश लागतात, पण एकदा सुटल्यावर पुन्हा पडायला ३५ ते ४० अंशांपर्यंत खाली यावे लागते. जायची वाट एक आणि यायची वाट दुसरी. मधल्या तापमानाला अगार पातळ आहे की घट्ट, हे ते कुठून आले आहे यावर अवलंबून असते.

*करून पाहा:* एका वाटीत चायना ग्रासचा आणि दुसऱ्या वाटीत बिनवासाच्या जिलेटिनचा जेल तयार करा. दोन्ही फ्रिजमध्ये घट्ट होऊ द्या. मग मार्च-एप्रिलच्या दुपारी दोन्ही वाट्या वर्गातल्या टेबलावर ठेवा, शेजारी तापमापी ठेवा आणि दर दहा मिनिटांनी नोंद करा. हेस यांच्या नळ्यांत काय झाले असेल ते मुलांना डोळ्यांनी दिसेल. आणखी एक प्रयोग ऐन उन्हाळ्यासाठी: उकळलेले अगार ४२-४३ अंशांच्या खोलीत वाटीत ओतून ठेवले तर ते केव्हा घट्ट होईल? आधी अंदाज बांधायला सांगा. बहुधा संध्याकाळची वाट पाहावी लागेल.

कापसाची उलटी चाल

ग्रॅहम यांनी कोलॉइड हा शब्द वापरला त्याच वर्षी, १८६१ मध्ये, अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झाले. लँकेशायरच्या गिरण्यांना मिळणारा अमेरिकी कापूस थांबला आणि इंग्लंडची नजर वऱ्हाडाकडे वळली. वऱ्हाड १८५३ च्या करारानेच निजामाकडून इंग्रजांच्या हाती आले होते. १८६७ पर्यंत मुंबईहून निघालेला लोहमार्ग भुसावळ, अकोला, बडनेरा असा नागपूरला पोहोचला. इथल्या कापसाला बाजारात 'ऊमरा' म्हणत. ते नाव उमरावतीचे, म्हणजे अमरावतीचे. 'वऱ्हाड, सोन्याची कुऱ्हाड' ही म्हण ज्या पिकामुळे खरी वाटत होती ते हेच.

त्या काळात कापसाकडे सगळे धागा म्हणूनच पाहत होते. पण १८३८ मध्येच फ्रान्समधील आन्सेल्म पायाँ यांनी वनस्पतींच्या पेशीभित्तिकांमधून एक समान पदार्थ वेगळा काढला होता. त्याला सेल्युलोज हे नाव मिळाले. कापूस म्हणजे जवळजवळ शुद्ध सेल्युलोज. जिनिंगमध्ये रुई वेगळी झाल्यावर सरकीवर जी आखूड लव उरते तीही सेल्युलोजच. सरकीचे तेल निघते, ढेप जनावरांना जाते आणि ही लव रसायनांच्या कारखान्याला उपयोगी पडते.

सेल्युलोजची साखळी ग्लुकोजच्या कड्यांची असते. प्रत्येक कड्यावर तीन हायड्रॉक्सिल गट असतात आणि ते पाण्याशी सहज जमवून घेतात. मग कापूस पाण्यात विरघळत का नाही? विरघळत असता तर पहिल्याच पावसात आपल्या अंगावरचे कपडे वाहून गेले असते! कारण असे की या साखळ्यांचे हायड्रॉक्सिल गट एकमेकांनाच इतके घट्ट धरून बसतात की पाण्याला आत शिरायला जागाच मिळत नाही.

१९०५ साली सुइडा यांनी सेल्युलोजच्या काही हायड्रॉक्सिल गटांच्या जागी मिथॉक्सी गट बसवण्याचा प्रयोग केला. १९१२ च्या सुमारास अशा पदार्थांची पेटंटे निघाली. सेल्युलोज कॉस्टिक सोड्यात भिजवायचे आणि त्यावर मिथिल क्लोराइडची क्रिया घडवायची, की मिथिल सेल्युलोज तयार होते. आता गंमत पाहा. मिथिल गट पाण्याचा तिटकारा करणारे. त्यामुळे पदार्थ आणखी अविद्राव्य व्हायला हवा. पण झाले उलटे. तीनपैकी साधारण पावणेदोन ते दोन जागांवर मिथिल गट बसले की साखळ्यांची आपसातली पकड ढिली होते, पाणी आत शिरते आणि पदार्थ विरघळतो.

तोही थंड पाण्यातच. मिथिल सेल्युलोजची पूड गरम पाण्यात टाकली तर ती नुसती तरंगत फिरते. पाणी थंड केले की ती विरघळून दाट द्रव होतो. हा द्रव पुन्हा तापवला की ५० ते ५५ अंशांच्या आसपास त्याचा पांढुरका जेल होतो. थंड केला की पुन्हा पातळ.

१९३५ मध्ये हेमान या शास्त्रज्ञांनी या चमत्कारिक वागण्यावर सविस्तर निबंध लिहिला. त्यांनी त्याला 'व्यस्त सॉल-जेल रूपांतर' म्हटले. जिलेटिन आणि अगार ज्या दिशेने जातात त्याच्या नेमक्या उलट दिशेने हा पदार्थ जातो, म्हणून व्यस्त. काहीच वर्षांत मिथिल सेल्युलोजचे कारखाने निघाले. लाकडाच्या लगद्यापासून किंवा सरकीवरच्या लवेपासून बनणारे हे आणि याच्या नात्यातले पदार्थ आज औषधाच्या गोळ्यांत, डोळ्यांचा कोरडेपणा घालवणाऱ्या थेंबांत आणि फरशी चिकटवायच्या मसाल्यात असतात. भट्टीत भाजताना पदार्थातले सारण वाहून जाऊ नये म्हणूनही मिथिल सेल्युलोज घालतात. सारण तापले की ते घट्ट होते, खाताना निवले की मऊ!

निरीक्षण आधी, स्पष्टीकरण नंतर

हेमान यांनी निरीक्षण नोंदवले तेव्हा त्याचे पटणारे स्पष्टीकरण देता येण्यासारखी परिस्थिती नव्हती. सेल्युलोज, रबर, जिलेटिन हे लांबच लांब साखळ्यांचे रेणू आहेत ही गोष्टच तेव्हा नुकती मान्य होऊ लागली होती. हर्मन स्टॉडिंगर यांनी १९२० मध्ये ती मांडली तेव्हा अनेक नामवंतांनी विरोध केला. एवढा मोठा रेणू असूच शकत नाही, लहान रेणूंचे पुंजके होत असतील, असे त्यांचे म्हणणे. स्टॉडिंगर यांना नोबेल पारितोषिक मिळाले ते १९५३ मध्ये.

दुसरा तुकडा पाण्याविषयीचा होता. १९४५ मध्ये फ्रँक आणि इव्हान्स यांनी दाखवले की पाण्याला न आवडणारा कण पाण्यात गेला की त्याच्याभोवतीचे पाण्याचे रेणू जास्त शिस्तीत उभे राहतात. १९५९ मध्ये वॉल्टर काउझमन यांनी प्रथिनांच्या घड्या कशा टिकतात हे समजावताना याच कल्पनेचा आधार घेतला.

हे वर्गात सांगायचे तर असे सांगता येईल. पाण्याचे रेणू सतत एकमेकांचे हात धरत-सोडत असतात. मध्ये मिथिल गट आला की त्याच्याशी हात मिळवता येत नाही, म्हणून भोवतालचे रेणू आपसात हात धरून त्याच्याभोवती रिंगण करतात. थंड असताना हे जमून जाते. तापमान वाढले की रेणूंची चुळबूळ वाढते आणि ते रिंगण सोडून मोकळे होतात. शनिवारच्या सकाळच्या शाळेत शेवटच्या तासाला वर्गाचे जे होते तेच. पहारा उठल्यावर उघडे पडलेले मिथिल गट मग एकमेकांनाच चिकटतात. साखळ्यांमध्ये गाठी पडतात, जाळे तयार होते. सॉलचा जेल झाला!

वरच्या वर्गातल्या विद्यार्थ्यांना हे एन्ट्रॉपीच्या भाषेत सांगावे. मुक्त ऊर्जेच्या समीकरणात एन्ट्रॉपीला तापमानाने गुणलेले असते, म्हणून तापमान वाढले की तिचे वजन वाढते. साखळ्या एकत्र आल्याने व्यवस्था वाढलेली दिसते, पण त्यामुळे मोकळ्या झालेल्या असंख्य पाण्याच्या रेणूंची अव्यवस्था त्याहून जास्त वाढते. आपण जेलकडे पाहतो म्हणून आपल्याला व्यवस्था दिसते. हिशेबात पाणीही धरायला हवे.

बत्तीस अंशांची जादू

कारण कळल्यावर पुढचा प्रश्न सरळ होता. गाठी ५५ ऐवजी आपल्याला हव्या त्या तापमानाला पडतील अशी साखळी बनवता येईल का? १९६८ मध्ये टोरांटो विद्यापीठातील हेस्किन्स आणि गिये यांनी पॉलि-एन-आयसोप्रोपिल-अ‍ॅक्रिलामाइड नावाच्या बहुवारिकाचा अभ्यास प्रसिद्ध केला. नाव लांबलचक आहे, पण वागणे सोपे. ३२ अंशांच्या खाली ते पाण्यात विरघळते, ३२ च्या वर पाण्यातून बाहेर पडते. हे रूपांतर दोन-तीन अंशांच्या आतच घडते. आपल्या शरीराचे तापमान ३७ अंश, आणि हा बदल त्याच्या जरासा खाली!

१९७८ मध्ये अमेरिकेत तोयोइची तानाका यांनी दाखवले की जाळे पक्के विणलेला जेलसुद्धा तापमान किंवा द्रावक किंचित बदलताच एकाएकी आकसू शकतो. पाणी उकळून त्याची वाफ व्हावी तसा हा झटक्याने होणारा बदल होता. यानंतर जगभर या विषयाला वेग आला.

त्याचा एक सुंदर उपयोग जपानमध्ये तेरुओ ओकानो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० मध्ये मांडला. पेशी वाढवायच्या बशीच्या तळावर त्यांनी या बहुवारिकाचा अतिशय पातळ थर दिला. ३७ अंशांना हा थर पाणी टाळतो आणि पेशी त्याला चिकटून वाढतात. बशी २० अंशांपर्यंत थंड केली की थर पाणी शोषून घेतो आणि पेशी सुटतात. एरवी पेशी सोडवायला विकरे वापरावी लागतात आणि त्यांनी पेशींमधले दुवे तुटतात. इथे मात्र पेशींचा अख्खा पापुद्रा निघून येतो. २००४ मध्ये ओसाकाच्या डॉक्टरांनी रुग्णांच्याच तोंडातल्या अस्तराच्या पेशींचा असा पापुद्रा वाढवून तो त्यांच्या खराब झालेल्या डोळ्यांवर बसवला. चार रुग्णांची दृष्टी सुधारली.

या कामात महाराष्ट्राचाही वाटा आहे. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत १९९० च्या दशकात डॉ. रघुनाथ माशेलकर, डॉ. आशिष लेले, डॉ. मनोहर बडिगेर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच ३२ अंशांच्या जेलवर काम केले. साखळी पाण्याला किती हायड्रोजन बंधांनी धरून असते, तापमान वाढताना त्यातले किती सुटतात, याचा हिशेब त्यांनी सिद्धांताने मांडला आणि प्रयोगांनी तपासला. साखळीत दुसरे रेणू गुंफून हा जेल वेगळा वागायला कसा लावता येईल, हेही त्यांनी पाहिले. साधारण नियम असा: जलविरोधी भाग वाढवले की रूपांतराचे तापमान खाली येते, जलस्नेही भाग वाढवले की वर जाते. म्हणजे ३२ हा आकडा काही दैवी नाही, तो आपल्याला सरकवता येतो. हे आपण लक्षात ठेवू, कारण पुढे त्याचीच गरज पडणार आहे.

बाटलीतच घट्ट झालेले औषध

तापमान-संवेदी पदार्थांतला औषधनिर्मितीत सर्वांत जास्त वापरला जाणारा पदार्थ म्हणजे पोलोक्झॅमर. १९५० च्या दशकात अमेरिकेतील वायनडॉट केमिकल्स या कंपनीने ही बहुवारिके काढली. त्यांच्या साखळीचे मधले अंग जलविरोधी आणि दोन्ही टोके जलस्नेही असतात. त्यांतल्या पोलोक्झॅमर ४०७ चे सुमारे २० टक्क्यांचे द्रावण फ्रिजमध्ये पाण्यासारखे ओतता येते आणि २५ अंशांच्या आसपास त्याचा स्वच्छ जेल होतो. १९७२ मध्ये त्याच कंपनीतील श्मोल्का यांनी भाजलेल्या जखमांवर हा जेल वापरण्याची कल्पना मांडली. थंड द्रव जखमेवर ओतायचा, अंगाच्या उबेने तो तिथेच बसतो. काढायचा असेल तर थंड पाण्याने धुवायचा.

पुढे डोळ्यांचे आणि नाकाचे थेंब आले. साधा थेंब डोळ्यात टाकला की पापणीच्या काही उघडझापीत बहुतेक औषध वाहून जाते. पण थेंब पातळ असून डोळ्यात पडताच त्याचा जेल झाला तर औषध तिथेच टिकते आणि रुग्णाला दिवसातून कमी वेळा थेंब टाकावे लागतात. आपल्या राज्यातल्या औषधनिर्माणशास्त्राच्या महाविद्यालयांतही अशा थेंबांवर पदव्युत्तर विद्यार्थी काम करतात.

या साऱ्या रचनेचा पाया एका गृहीतकावर आहे. बाटली २५ अंशांच्या खोलीत असते आणि डोळ्याचा पृष्ठभाग सुमारे ३४ अंशांचा असतो. म्हणजे रूपांतर ३० अंशांच्या जवळपास झाले पाहिजे. बाटली थंड, शरीर उबदार. मधल्या नऊ अंशांच्या फटीत सारे विज्ञान बसवलेले आहे.

आता ही बाटली अकोल्यात मे महिन्यात पत्र्याच्या घरात ठेवा. बाहेर ४४-४५ अंश, कधी त्याहूनही जास्त. घरातला पारा रात्री उशिरापर्यंत ३५ च्या खाली येत नाही. फट कमी झालेली नाही, ती उलटी झाली आहे. खोली शरीरापेक्षा गरम आहे! औषध डोळ्यात पोहोचण्याआधी बाटलीतच घट्ट होते, थेंब पडत नाही. थंड केले तर ते पुन्हा पातळ होईल, कारण बदल उलटवता येतो. पण हे रुग्णाला कोणी सांगितलेले नसते. औषध बिघडले असे समजून तो ते टाकून देऊ शकतो, किंवा बाटली जोरात दाबून जास्त मात्रा घेऊ शकतो. फ्रिजमध्ये ठेवा असे लिहिणे सोपे आहे. मेळघाटातल्या पाड्यावर ते पाळणे सोपे नाही.

उन्हात तापलेल्या भिंतीवरही अशीच अडचण येते. गिलाव्यातले आणि फरशीच्या मसाल्यातले पाणी लवकर उडू नये म्हणून त्यात मिथिल सेल्युलोजचे नातेवाईक घालतात. भिंत फार तापली तर त्यांच्याभोवतीचे पाण्याचे रिंगण सुटते आणि पाणी धरून ठेवण्याचे काम बिघडते. म्हणून उष्ण प्रदेशांसाठी जास्त तापमानाला जेल होणाऱ्या जाती निवडाव्या लागतात.

औषधांच्या बाबतीत जगाने ही अडचण अंशतः ओळखली आहे. १९७० च्या दशकापासून औषधे किती काळ टिकतात हे तपासण्यासाठी जगाचे हवामानानुसार विभाग मानण्याची पद्धत आली. थंड देशांसाठीच्या दीर्घ चाचण्या २५ अंशांना होतात, भारतासारख्या उष्ण देशांसाठीच्या ३० अंशांना. याशिवाय ४० अंशांना सहा महिन्यांची कठोर चाचणीही असते. पण या चाचण्यांचा मुख्य प्रश्न औषध टिकते की नाही हा आहे. थेंब बाटलीतून पडेल की नाही, हा प्रश्न जेल बनवणाऱ्याने स्वतःला वेगळा विचारावा लागतो.

आणि तो विचारला तर उपायही आहेत. पोलोक्झॅमरचे प्रमाण कमी केले, किंवा त्यात जास्त जलस्नेही भावंड मिसळले, की रूपांतराचे तापमान वर सरकते. पण ते ३४ च्या वर नेले तर डोळ्यात जेलच होणार नाही. म्हणजे ४० अंशांच्या खोलीसाठी तापमानाची कळ चालणारच नाही, कितीही सरकवली तरी. तिथे वेगळी कळ हवी. गेलन नावाचे एक जिवाणूजन्य बहुवारिक आहे. त्याच्या गाठी अश्रूंमधल्या सोडियम, कॅल्शियमसारख्या आयनांमुळे पडतात, आणि बाटलीत अश्रू नसतात! काचबिंदूच्या एका औषधात ही युक्ती वापरलेली आहे. अश्रूंची आम्लता ओळखून घट्ट होणारी बहुवारिकेही आहेत. जिथे खोली आणि शरीर यांच्या तापमानातला फरकच नाहीसा होतो, तिथे दुसरा कोणता तरी फरक शोधायचा, असा हा मार्ग आहे.

वर्गासाठी एक काम

हेस यांच्या नळ्या वितळल्या त्या जर्मनीच्या उन्हाळ्यात. तो आपल्याकडच्या फेब्रुवारीएवढाही कडक नसावा. तरी त्या अडचणीतून अगार सापडले. आमच्यासारख्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्यांना वऱ्हाडातला उन्हाळा हा पुष्कळदा व्यत्यय वाटतो. वातानुकूलन यंत्र लावून २५ अंश केले की निबंधातले आकडे जुळतात आणि काम संपते. पण ज्याच्यासाठी औषध करायचे तो माणूस त्या खोलीत राहत नाही.

म्हणून शिक्षकांना आणि विद्यार्थ्यांना एक सुचवावेसे वाटते. आपल्या वर्गात, स्वयंपाकघरात, माठाशेजारी आणि पत्र्याखाली अशा चार ठिकाणी साध्या तापमापीने दुपारी एक आणि रात्री नऊ वाजता वर्षभर नोंदी ठेवा. आलेख काढा. २५ अंशांची आडवी रेघ मारा आणि वर्षातले किती दिवस आपली खोली त्या रेघेच्या वर असते ते मोजा. ३४ अंशांची दुसरी रेघ मारा आणि पुन्हा मोजा. माठाशेजारच्या आकड्यांकडे विशेष लक्ष द्या. बाष्पीभवनाने मिळणारे चार-सहा अंश एखाद्या औषधाला पुरतील का, याचे उत्तर त्यात सापडू शकेल. एखाद्या तालुक्यातल्या दहा शाळांनी अशा नोंदी ठेवल्या तर जेल बनवणाऱ्या संशोधकाला निश्चित उपयोगी पडेल अशी माहिती हाती येईल. 'खोलीचे तापमान' या शब्दापुढे मग आपल्याला आपला आकडा लिहिता येईल.